देवदूताला पंख आहेत, मग गंधर्वाला का नाहीत? पवित्र कलेतल्या उडणाऱ्या आकृती काय सांगतात?

नागपूरच्या दक्षिणेला हुडकेश्वरसारख्या झपाट्याने वाढलेल्या वस्तीत लग्नसराईत एक दृश्य हमखास दिसतं. लॉनच्या फाटकावर फायबरच्या दोन पांढऱ्या मूर्ती असतात. पाठीला मोठे पंख, अंगावर झुळझुळीत झगा आणि हातात फुलांची परडी. त्यांना कुणी परी म्हणतं, कुणी एंजल. आत स्टेजशेजारी गणपती असतो, पण दारातल्या या पंखवाल्यांचं तिथे काय काम, हा प्रश्न कुणाला पडत नाही. सजावट म्हणून त्या उभ्या असतात आणि सजावट म्हणूनच पाहिल्या जातात.

हाच पाहुणा दुसऱ्या दिवशी नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयात गेला आणि जुन्या दगडी मूर्तींसमोर थांबला, तर त्याने मूर्तीच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना जरूर पाहावं. मध्ययुगीन मूर्तींच्या वरच्या कोपऱ्यांत अनेकदा हातभर लांबीच्याही नसलेल्या दोन छोट्या आकृती असतात. त्या हवेत आहेत आणि हातात माळ आहे, पण पंख नाहीत. मूर्ती विष्णूची, बुद्धाची किंवा एखाद्या तीर्थंकराची असली तरी या आकृती तिथे असू शकतात.

दोन्ही आकृती स्वर्गातल्या आणि दोन्ही उडणाऱ्या. मग एकीला पंख आणि दुसरीला नाहीत, हे कशामुळे? या फरकामागे माणूस आणि स्वर्ग यांच्या नात्याच्या दोन वेगळ्या कल्पना आहेत.

‘देवदूत’ म्हणजे नेमकं कोण?

मराठी बातम्यांत ‘देवदूतासारखा धावून आला’ हे वाक्य नेहमी भेटतं. पुरातून कुणाला वाचवणारा तरुण देवदूत ठरतो, वेळेवर रक्त देणारा अनोळखी माणूसही देवदूत ठरतो. या वापरात देवदूत म्हणजे संकटातून सोडवणारा.

मूळ अर्थ मात्र ‘निरोप आणणारा’ असा आहे. हिब्रूतला ‘मलाख’, ग्रीकमधला ‘आंगेलोस’ आणि अरबीतला ‘मलक’ या शब्दांच्या मुळाशी दूत हीच कल्पना आहे. ग्रीक शब्दावरूनच इंग्रजीतला ‘एंजल’ आला. मराठी बायबलच्या अनुवादकांनी ‘देवदूत’ हा शब्द निवडला, तो नेमका आहे. ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लामी परंपरांत देव एक आहे आणि तो माणसाहून फार वेगळा, फार वर आहे. ते अंतर पार करून त्याचा शब्द माणसापर्यंत पोहोचवायला कुणीतरी लागतं. ते काम देवदूताचं.

ख्रिस्ती चित्रकलेतला सर्वांत ओळखीचा प्रसंग म्हणूनच निरोपाचा आहे. गॅब्रिएल मरियेला सांगायला येतो की तिला पुत्र होणार आहे. चित्रकारांनी त्याच्या हातात बहुधा लिलीचं पांढरं फूल दिलं, ते मरियेच्या निर्मळपणाचं चिन्ह म्हणून. मायकेलच्या हातात तलवार किंवा तराजू असतो, कारण तो लढणारा आणि आत्म्यांचं माप करणारा मानला जातो. चेहऱ्यावरून देवदूत ओळखता येत नाही. हातातल्या वस्तूवरून ओळखता येतो.

देवदूताला पंख कधी आले?

देवदूत सुरुवातीपासून पंखवाले नव्हते. बायबलच्या कथांत अब्राहामाकडे आलेले स्वर्गीय पाहुणे माणसांसारखेच दिसतात आणि त्याच्याकडे जेवतातही. रोममधल्या प्रिसिला या भुयारी दफनभूमीत ख्रिस्ती कलेचे अगदी सुरुवातीचे नमुने आहेत. तिथल्या एका चित्रात बसलेल्या स्त्रीसमोर एक माणूस हात उंचावून उभा आहे. अनेक अभ्यासक हे चित्र मरियेला मिळालेल्या निरोपाचं मानतात. या दूताला पंख नाहीत.

चौथ्या शतकाच्या अखेरीकडे चित्र बदललं. ग्रीक आणि रोमन कलेत विजयाची देवी पंखवाली दाखवली जाई. ग्रीक तिला नाइके म्हणत आणि रोमन व्हिक्टोरिया. रोमन साम्राज्य ख्रिस्ती होत गेलं तशी ही ओळखीची आकृती नव्या कामाला लागली, असं साधारणपणे मानलं जातं. पंख दिसले की पाहणाऱ्याला लगेच कळे की समोरचा माणूस नाही आणि तो वरून आला आहे.

बायबलमध्ये पंखांचा उल्लेखच नाही, असं मात्र नाही. करूब आणि सराफीम या स्वर्गीय जिवांना पंख आहेत. यशया संदेष्ट्याच्या दर्शनात सराफीमांना सहा पंख आहेत. दोन पंखांनी ते तोंड झाकतात, दोन पंखांनी पाय झाकतात आणि उरलेल्या दोनांनी उडतात. म्हणजे सहापैकी चार पंख उडण्यासाठी नाहीतच. देवाच्या अगदी जवळ असणाऱ्यालाही त्याच्याकडे थेट पाहता येत नाही, हे ते पंख सांगतात.

जुन्या गोव्यात गेलेल्या मराठी पर्यटकाला आणखी एक प्रकार दिसतो. १६०५ साली पवित्र केलेल्या बॉम जेझू बॅसिलिकेत आणि आसपासच्या चर्चमध्ये सोन्याचा मुलामा दिलेल्या लाकडी वेद्या आहेत. अशा वेद्यांच्या कोरीवकामात गुबऱ्या गालांची मुलं येतात. काहींना तर धडच नसतं, नुसतं डोकं आणि त्याखाली दोन पंख. पाहुण्यांना ते गमतीचं वाटतं. पण त्यामागे एक विचार आहे. देवदूताला शरीर नाही, तो केवळ जाणीव आहे. मग दाखवायचं तर काय? डोकं आणि पंख.

भारतीय कलाकारांना पंख माहीत नव्हते का?

चांगलेच माहीत होते. इसवी सनापूर्वीच्या सांचीच्या तोरणांवर स्तूपाची पूजा कोरलेली आहे. तिथे स्तूपाच्या वरच्या बाजूला उडत येणारे किन्नर दिसतात. कमरेच्या वर माणूस आणि खाली पक्षी, पाठीला पंख आणि हातात माळ. त्याच तोरणांवर पंख असलेले सिंहही आहेत. विष्णूचं वाहन असलेला गरुड तर पंखांसाठीच प्रसिद्ध आहे.

बौद्ध कला भारताबाहेर गेली तिथेही पंख भेटतात. मध्य आशियातल्या मिरान इथे १९०७ साली ऑरेल स्टाइन यांना बौद्ध स्तूपाच्या भिंतीवर पंख असलेल्या तरुणांची चित्रं सापडली. पहिल्या नजरेत ती युरोपातल्या चर्चमधली वाटावीत अशी आहेत.

तरीही भारतात, विशेषतः गुप्त आणि वाकाटक काळात म्हणजे चौथ्या-पाचव्या शतकात, उडणाऱ्या आकृतीचं शरीर पूर्ण माणसाचं झालं आणि पंख गळून पडले. ही उणीव नव्हती, निवड होती.

पंखांशिवाय उडतात तरी कसे?

याचं उत्तर नावात आहे. या आकृतींना विद्याधर म्हणतात. विद्या धारण करणारा तो विद्याधर. कथासरित्सागरात विद्याधरांच्या कितीतरी कथा आहेत आणि त्यातला नायक नरवाहनदत्त शेवटी त्यांचा सम्राट होतो. जैन परंपरेत तर विद्याधर हे विशेष विद्या मिळवलेले मानवच मानले जातात. त्यांचं उडणं अवयवामुळे नाही, मिळवलेल्या ज्ञानामुळे आहे. पंख लागतात ते गरुडाला आणि किन्नराला, कारण त्यांच्यात पक्ष्याचा अंश आहे. ज्याने जडपणाच टाकला, त्याला पंखांची गरज नाही.

त्यांच्या सोबत गंधर्व आणि अप्सरा असतात. गंधर्व हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. बालगंधर्व, सवाई गंधर्व, कुमार गंधर्व ही नावं घेतली की पुरे. गंधर्व म्हणजे स्वर्गातला गायक. तोही पंखांनी उडत नाही.

मग दगडात उडणं दाखवायचं कसं? शिल्पकारांनी काही युक्त्या पक्क्या केल्या. दोन्ही गुडघे वाकवायचे आणि एक पाय मागे न्यायचा. पायाखाली जमीन ठेवायची नाही. खांद्यावरचं उपरणं मागे फडफडत ठेवायचं. कधी खाली ढगांचे गोळे कोरायचे. घारापुरीच्या लेण्यात सहाव्या शतकातली शिव-पार्वतीविवाह आणि गंगाधर ही भव्य शिल्पं आहेत. त्यांच्या वरच्या भागात अशा आकृतींची गर्दी आहे. वेरूळच्या कैलास लेण्याच्या बाहेरच्या भिंतींवरही त्या आहेत. हजारो टन दगडाचं ते मंदिर, आणि भिंतीवर वजनच नसलेली माणसं.

रंगातली युक्ती अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात पाहावी. तिथल्या ओसरीत इंद्र आणि वाद्यं वाजवणाऱ्या अप्सरा ढगांतून येताना रंगवल्या आहेत. त्यातल्या एका प्रसिद्ध अप्सरेच्या गळ्यातले मोत्यांचे सर सरळ खाली लोंबत नाहीत, ते एका बाजूला झुकले आहेत. चित्रकाराने तेवढंच केलं आणि ती उडू लागली.

निरोप आणतात की माळ?

खरा फरक इथे आहे. देवदूत वरून खाली काहीतरी घेऊन येतो, म्हणजे निरोप, इशारा किंवा संरक्षण. तो माणसाशी बोलतो. विद्याधर आणि गंधर्व सहसा कुणाशी बोलत नाहीत. त्यांच्या हातात माळ, फुलं किंवा वाद्य असतं आणि त्यांचं तोंड मधल्या मूर्तीकडे असतं. ते सांगायला आलेले नाहीत, मान द्यायला आले आहेत.

जैन परंपरेत हे अगदी नियमात बसवलेलं आहे. तीर्थंकरांभोवती आठ प्रातिहार्य सांगितली जातात. अशोकवृक्ष, पुष्पवृष्टी, दिव्यध्वनी, चामरं, सिंहासन, प्रभामंडळ, दुंदुभी आणि तीन छत्रं. मूर्तीच्या वर उडणारे माळाधारी आणि नगारा वाजवणारी आकृती दिसली, की ती पुष्पवृष्टी आणि दुंदुभी आहे हे ओळखावं. मध्ये बसलेले तीर्थंकर त्या वाद्यांकडे लक्ष देत नाहीत. त्यांना त्याची गरज नाही, हेच शिल्पाला म्हणायचं असतं.

भारतीय विचारात स्वर्ग ही कायमची जागा नाही. पुण्य संपलं की स्वर्गातल्यालाही खाली यावं लागतं. बौद्ध ग्रंथांत तर देवाचा अंत जवळ आल्याच्या खुणा सांगितल्या आहेत आणि त्यातली एक म्हणजे त्याच्या गळ्यातली फुलं कोमेजणं. हे लक्षात घेतलं की बुद्धावर माळ धरणारा गंधर्व वेगळा दिसतो. ज्याची स्वतःची माळ एक दिवस सुकणार आहे, तो तृष्णेतून सुटलेल्या माणसाला माळ वाहतो आहे. मधोमध बसलेला माणूस आहे आणि देव त्याच्या कडेला आहेत.

नागपूरसाठी हा मुद्दा पुस्तकी नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच शहरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. देवदेवता न मानणारा एखादा बौद्ध अजिंठ्याला जातो आणि भिंतीवर इंद्र, अप्सरा, गंधर्व पाहून गोंधळतो. पण चित्राची मांडणी पाहिली तर इंद्र तिथे पूज्य म्हणून नाही, पूजक म्हणून आहे. स्वर्ग खरा मानला नाही तरी चित्राचं म्हणणं पोहोचतं. माणूस स्वतःच्या प्रयत्नाने इतका मोठा होऊ शकतो, की त्यापुढे स्वर्गही वाकतो.

विदर्भाचा याच्याशी काय संबंध?

हुडकेश्वरहून उत्तरेला साठेक किलोमीटरवर रामटेक आहे आणि त्याच्या पायथ्याच्या परिसरात नगरधन. हे वाकाटकांच्या राजधानीचं नंदिवर्धन. गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची मुलगी प्रभावतीगुप्ता हिने पतीच्या मृत्यूनंतर मुलाच्या वतीने इथून कारभार पाहिला. वाकाटकांचीच दुसरी शाखा वत्सगुल्म म्हणजे आजच्या वाशिमला होती. त्या शाखेतल्या हरिषेण राजाच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, अजिंठ्याची १६ आणि १७ क्रमांकांची लेणी झाली.

रामटेकला आणखी एक दूत जोडलेला आहे. कालिदासाच्या मेघदूतातला यक्ष रामगिरीवर शिक्षा भोगतो आणि पत्नीला निरोप पाठवण्यासाठी ढगाला दूत करतो. नागपूरचे प्राच्यविद्या पंडित वा. वि. मिराशी यांनी हा रामगिरी म्हणजे रामटेकच, असं साधार मांडलं. इथे निरोपाची दिशा पाहण्यासारखी आहे. निरोप पाठवणारा पृथ्वीवर अडकलेला आहे आणि दूत हिमालयातल्या अलकानगरीकडे निघाला आहे. देवदूताच्या नेमकं उलट. आपल्याकडचा दुसरा मोठा दूत हनुमान. तो सीतेपर्यंत रामाची अंगठी पोहोचवतो, समुद्र ओलांडतो, पण त्यालाही पंख नाहीत.

वर आनंद, खाली शोक

उडणाऱ्या आकृतींचा अर्थ सर्वांत खोल जाणवतो तो अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात. आत डाव्या भिंतीवर सुमारे सात मीटर लांबीची बुद्धाची निजलेली मूर्ती आहे. हे महापरिनिर्वाण. उजव्या कुशीवर, हात उशाशी, डोळे मिटलेले. मूर्तीच्या खाली शिष्य बसले आहेत. कुणी डोकं धरलं आहे, कुणी खाली वाकलं आहे. मूर्तीच्या वर मात्र स्वर्गातले गायक-वादक आहेत. त्यांचा उत्सव चालला आहे.

एकाच मृत्यूचे दोन अर्थ एकाच भिंतीवर आहेत. खालच्यांनी माणूस गमावला आहे. वरच्यांना दिसतं आहे की तो सुटला. शिल्पकाराने वरचं खरं आणि खालचं खोटं, असं ठरवलेलं नाही. रडणारे तेवढ्याच प्रेमाने कोरले आहेत.

या लेण्याचा लेख सांगतो की भिक्षू बुद्धभद्र याने अश्मक देशाचा मंत्री भव्विराज याच्या स्मरणार्थ ते करवलं. १७ क्रमांकाच्या लेण्याच्या लेखातही दात्या राजाच्या धाकट्या भावाच्या, रविसांबाच्या मृत्यूचा उल्लेख आहे. म्हणजे अजिंठ्यातल्या या स्वर्गाच्या मागे कुणाच्या तरी घरातलं दुःख आहे.

ख्रिस्ती दफनभूमीत कबरीवर मान झुकवून बसलेला संगमरवरी देवदूत हेच काम वेगळ्या रीतीने करतो. तो पुनरुत्थानाची आशा सांगतो, पण त्याचा चेहरा शोक करणाऱ्याचा असतो. अजिंठ्याच्या शिल्पकाराने आनंद आणि शोक वर-खाली मांडले, तर इथे ते एकाच आकृतीत आले.

इतर परंपरांत काय दिसतं?

मशिदीत सजीवांच्या आकृती नसतात, पण मुघल लघुचित्रांत रंगीत पंखांचे फरिश्ते आहेत. १५८० मध्ये जेझुइट धर्मोपदेशक अकबराच्या दरबारात आले. त्यांनी आणलेली युरोपीय चित्रं मुघल चित्रकारांनी बारकाईने पाहिली आणि त्यातले देवदूत आपल्या चित्रांत उचलले.

मुंबईत पारशी अग्यारीच्या दारावर पसरलेल्या पंखांमधली दाढीवाली आकृती दिसते. तिला फरवहर म्हणतात. आज तिच्या पंखांतल्या पिसांच्या तीन थरांचा अर्थ सद्विचार, सद्वचन आणि सत्कृत्य असा लावला जातो. इथे पंख कुणा दुसऱ्याचे नाहीत. माणसाच्या स्वतःच्या आत्म्याने वर जाण्यासाठी ते आहेत.

‘देवदूत’ या शब्दाचा एक विसरलेला अर्थ

पाली ग्रंथांत ‘देवदूत’ हाच शब्द अक्षर न बदलता येतो. मज्झिम निकायात देवदूत सुत्त नावाचं एक सुत्तच आहे. त्यात मृत्यूनंतर यमराज माणसाला विचारतो की तुला देवदूत भेटले नव्हते का? माणूस म्हणतो, नाही. मग यम एकेक खूण सांगतो. काठी टेकत जाणारा म्हातारा, अंथरुणाला खिळलेला आजारी, मरून पडलेलं शरीर. हे सारे तू पाहिलेस आणि तरीही तुझ्याच बाबतीत हे होणार आहे असं तुझ्या मनात आलं नाही?

या देवदूतांना पंखही नाहीत आणि हातात माळही नाही. ते रस्त्यावर, दवाखान्यात आणि घरात रोज भेटतात. निरोप मात्र त्यांच्याकडेही आहे.

पुढच्या वेळी पाहताना

मंदिर, लेणं, चर्च किंवा संग्रहालय, कुठेही उडणारी आकृती दिसली तर चार गोष्टी पाहाव्यात. तिला पंख आहेत का? हातात काय आहे? ती कुणाकडे पाहते आहे, आपल्याकडे की मधल्या मूर्तीकडे? आणि तिच्या खाली काय चाललं आहे? या चार उत्तरांवरून बराच अर्थ लागतो.

लॉनच्या फाटकावरच्या फायबरच्या मूर्तीला हेच प्रश्न विचारले तर उत्तर गमतीचं येतं. पंख गॅब्रिएलचे आहेत, पण हातातली फुलं गंधर्वाची. ती निरोप सांगत नाही. आत शिरणाऱ्या वऱ्हाड्यांवर आणि नवरा-नवरीवर फुलं धरते. म्हणजे रूप बाहेरून आलं असलं, तरी काम तेच आहे जे सांचीच्या किन्नराने दोन हजार वर्षांपूर्वी केलं होतं. फरक इतकाच की सांचीत पाहणाऱ्याला ती माळ कुणासाठी आहे हे ठाऊक होतं.

पवित्र कलेतल्या या आकृती स्वतःकडे पाहा असं कधीच म्हणत नाहीत. त्या ज्याच्याकडे वळल्या आहेत, तिकडे पाहिलं की त्यांचं काम झालं.